गेलेला गॅस जातो कुठे?

(मंडळाच्या गणेशोत्सवात व्याख्यानाच्या दिवशी केलेले भाषण)



या जागेवरून दरवर्षी डॉक्टर, प्राध्यापक, कीर्तनकार बोलतात. मी रेल्वेतला डिप्लोमावाला. सेक्रेटरींनी "यंदा तुम्ही या" म्हटलं तेव्हा मला वाटलं, माईकची वायर बघायला बोलावतायत. वायरही मीच जोडली आहे, तेव्हा आवाज गेला तर तक्रार माझ्याकडेच करा.

आज मी डॉ. वीरभद्रन रामनाथन यांच्याबद्दल बोलणार आहे. हवेत तरंगणाऱ्या बारीक कणांवर काम केलेला हा शास्त्रज्ञ. पण सुरुवात माझ्यापासून करतो, कारण त्यांची ओळख मला माझ्याच एका चुकीमुळे झाली.

मी २००१ साली नोकरीला लागलो. काम एसी डब्यांच्या देखभालीचं. जुन्या डब्यांत तेव्हा आर-१२ गॅस असायचा. थंडावा कमी झाला की पद्धत अशी : सांध्यांना साबणाचा फेस लावायचा, बुडबुडा कुठे येतो ते बघायचं, गळती बंद करायची, मग गॅस भरायचा. २००३ च्या मे महिन्यात एक डबा असाच आला. गाडी सुटायला चाळीस मिनिटं होती. मी फेस न लावता गॅस भरला आणि गाडी सोडली. प्रवासी खूश. चार दिवसांनी तोच डबा रिकामा होऊन परत! पुन्हा भरला. असं तीन वेळा केलं. चौथ्यांदा वेळ मिळाला तेव्हा सांधा सापडला, दोन आटे घट्ट करण्याचं काम होतं. आमच्या रजिस्टरमध्ये किती गॅस भरला याचा रकाना होता. गेला कुठे, याचा नव्हता. हवेत गेला म्हणजे संपला, असंच मी धरून चाललो होतो.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका मासिकात रामनाथन यांच्यावरचा लेख वाचला आणि एका ओळीवर थांबलो. १९६५ मध्ये अण्णामलै विद्यापीठातून इंजिनिअर झाल्यावर या माणसाची नोकरी कुठे? तर आपल्या सिकंदराबादला, रेफ्रिजरेटरच्या धंद्यात! आणि काम काय? यंत्रातून गॅस इतक्या लवकर गळतो का, ते शोधणं. म्हणजे माझंच काम. त्यांना ते मनापासून आवडत नव्हतं, हेही त्यांनी सांगून ठेवलं आहे. ते वाचून मला फार बरं वाटलं.

रामनाथन १९४४ चे, तमिळ घरातले. अकराव्या वर्षी कुटुंब बंगळूरला आलं आणि शाळा एकदम इंग्रजी झाली. वर्गात काही कळेना, तेव्हा मास्तरांचं ऐकायची सवयच सुटली आणि प्रत्येक गोष्ट स्वतः उलगडून बघायची सवय लागली, असं ते सांगतात. आपल्यापैकी ज्यांची मुलं इथे घरी मराठी, रस्त्यावर तेलुगू आणि शाळेत इंग्रजी अशी तीन रुळांवरून धावतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं.

सिकंदराबादनंतर ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकले आणि १९७० मध्ये अमेरिकेत स्टोनी ब्रुकला गेले. गेले ते वेगळ्याच विषयासाठी, पण तिथले त्यांचे मार्गदर्शक रॉबर्ट सेस यांनी नेमका तेव्हाच विषय बदलला आणि ग्रहांची वातावरणं अभ्यासायला घेतली. तिथून रामनाथन हवेच्या शास्त्रात आले ते कायमचे.

१९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं होतं, की फ्रिजचे हे गॅस ओझोनचा थर खातात. १९७५ मध्ये रामनाथन यांनी एकट्याच्या नावावर निबंध छापला : हेच गॅस उष्णताही अडकवतात, आणि त्यांचा एक रेणू कार्बन डाय-ऑक्साइडच्या दहा हजारांहून जास्त रेणूंइतकी अडकवतो. ज्या गळतीने सिकंदराबादला त्यांचं डोकं पिकवलं, तिचा हिशेब त्यांनी असा लावला.

आता कणांकडे येतो. आत्ताच आरती झाली. कापूर जळत होता तेव्हा मी स्टीलचं एक ताट त्याच्यावर धरलं होतं. हे बघा, तळ काळा झालाय. आपल्या आज्या निरांजनावर अशीच वाटी धरून काजळ करायच्या. चूल, शेणी, कोळसा, डिझेल, सगळ्यांतून हीच काजळी हवेत जाते.

१९९९ च्या जानेवारी ते मार्च रामनाथन आणि नोबेलविजेते पॉल क्रुट्झन यांनी हिंदी महासागरावर मोठी मोहीम काढली. दोनशेहून जास्त शास्त्रज्ञ, विमानं, उपग्रह, मालदीवच्या एका बेटावर वेधशाळा, आणि आपलं 'सागर कन्या' जहाजसुद्धा. त्यांना समुद्रावर सुमारे तीन किलोमीटर जाडीचा तपकिरी थर सापडला, आणि त्यातला बहुतेक भाग माणसानेच सोडलेला होता. गंधकाचे पांढरट कण ऊन परत फेकतात, काजळी ऊन पिते. म्हणजे खाली समुद्राला ऊन कमी आणि मधली हवा जास्त तापलेली.

२००२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अहवालात याला 'आशियाई तपकिरी ढग' म्हटलं आणि आपल्याकडे वाद पेटला. सरकारने तर आक्षेप घेतलाच, पण बंगळूरचे जे. श्रीनिवासन आणि मूळच्या पुण्याच्या मान्सूनतज्ज्ञ सुलोचना गाडगीळ यांनीही 'करंट सायन्स'मध्ये सडेतोड लिहिलं, की हा थर कोरड्या महिन्यांतला, पावसावरचे निष्कर्ष संगणकी प्रारूपांवरचे, ते जपून काढा. मला हा वाद आवडतो. आमच्याकडेही एकाने दोष शोधला की दुसरा इंजिनिअर मीटर लावून तपासतो, त्याशिवाय सही होत नाही. पुढे नावातलं 'आशियाई' गेलं. रामनाथन मोजायला परत मालदीवला गेले. २००६ च्या मार्चमध्ये त्यांनी तीन छोटी वैमानिकाविना विमानं एकाच वेळी उडवली : एक थराच्या खाली, एक आत, एक वर. २००७ मध्ये निष्कर्ष आला, की या थरामुळे खालच्या हवेचं उन्हाने तापणं सुमारे पन्नास टक्क्यांनी वाढतं.

नंतर ते उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत चुली बदलायला गेले, 'प्रोजेक्ट सूर्य' नावाने. एवढा मोठा माणूस चुलीपाशी का बसला? कारण काजळी हवेत जेमतेम आठवडा-दोन आठवडे टिकते. आज थांबवली तर महिन्याभरात हवा हलकी. गॅसचं तसं नाही.

इथे मला माझे वडील आठवतात. ते वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. घरी यायचे तेव्हा फक्त डोळे आणि दात पांढरे. आई त्यांचे कपडे वेगळ्या बादलीत भिजवायची. निवृत्तीनंतर रात्रभर खोकायचे, आणि मी, नवा डिप्लोमावाला, म्हणायचो, "बाबा, तुमच्या इंजिनांनी नुसता धूर केला. आमचं काम कसं स्वच्छ!" ते काही बोलायचे नाहीत.

बाबांच्या इंजिनाचा धूर त्या त्या पावसात खाली आला. छातीत राहिला तेवढाच राहिला. आर-१२ मात्र हवेत साधारण शंभर वर्षं टिकतो. २००३ च्या मे महिन्यात मी तीन वेळा भरून सोडलेला गॅस बराचसा अजून वर आहे. बाबा गेले, त्यांना हे सांगायचं राहून गेलं.

आता आमच्या कामाच्या वहीत मी हाताने एक रकाना आखून घेतलाय : 'गळती कुठे सापडली'. गाडी दहा मिनिटं उशिरा सुटली तर फोन येतात, ते मी घेतो.

हे ताट आता मागच्या रांगेपर्यंत फिरवा. बोट लावून बघायला हरकत नाही, पण साड्या सांभाळा. फडकं शेवटच्या खुर्चीवर ठेवलंय. कुणाला काही विचारायचं असेल तर प्रसादानंतर मी इथेच आहे.