इब्राहिमची गोष्ट एक, विधी तीन

(युवा शिबिरातल्या भाषणाचा संपादित भाग)



मघाशी चहाच्या वेळी तुमच्यापैकी एकानं मला गाठलं आणि विचारलं, "सर, अल्लाह एक. हजरत इब्राहिम यहुद्यांचे, ख्रिश्चनांचे आणि आपलेही. मग तिघांचे विधी इतके वेगळे का? आणि आपले बरोबर असतील तर त्यांचे चूक म्हणायचे का?" बोलायला मी दुसरंच काही ठरवून आलो होतो. ते राहू दे. हाच प्रश्न लहानपणी मलाही पडला होता, आणि तोही रडत रडत.

मी रेवदंड्याजवळच्या एका गावातला. आमच्या आळीच्या टोकाला एक बेने इस्राएल कुटुंब राहायचं. कोकणातले हे मराठी यहुदी. पूर्वी त्यांचा धंदा तेलाचा, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावं त्यांना 'शनिवार तेली' म्हणायची. प्रार्थनेच्या जागेला ते मशीदच म्हणत. मुंबईचं मस्जिद स्टेशन माहीत आहे ना? त्याचं नाव जवळच्या १७९६ सालच्या त्यांच्या सिनेगॉगवरून पडलं असं मानतात.

बकरी ईदला अब्बा मटणाचे वाटे करायचे. घरचा, नातेवाइकांचा, गरिबांचा. त्या टोकाच्या घरी मात्र वाटा जात नसे. एका वर्षी मी कुणालाही न विचारता ताट झाकून तिकडे घेऊन गेलो. मावशी दारातच थांबल्या. "बाळा, आम्हाला चालत नाही रे," एवढंच म्हणाल्या आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मी ताट घेऊन परत आलो तो डोळे पुसतच. दुखलं ते यामुळे, की मदरशात आम्हाला शिकवलं होतं, अहले किताबचं खाणं आपल्याला हलाल आहे. म्हणजे त्यांचं आम्हाला चालतं आणि आमचं त्यांना चालत नाही! अब्बांनी काही समजावलं नाही. अम्मीनं दुसऱ्या दिवशी तांदळाची सांदणं करून पाठवली. ती मावशींनी घेतली.

त्या नकाराचं कारण मला बऱ्याच वर्षांनी वाचनातून कळलं. यहुदी शरियतीत जनावर कापणारा माणूस त्या कामाचं शिक्षण घेतलेला यहुदी लागतो. कापल्यावर फुफ्फुसं तपासावी लागतात. ठरावीक चरबी वर्ज्य. मागच्या पायातली मोठी नस काढून टाकावी लागते, कारण हजरत याकूब यांची एका रात्री कुणाशी तरी झुंज झाली आणि त्यांची मांडी दुखावली, अशी तौरातमधली कथा आहे. त्या रात्रीची आठवण म्हणून ती नस खायची नाही. म्हणजे शेजारच्या एखाद्या अडाणी यहुद्यानं बकरा कापला असता तरी मावशींनी तो परतच पाठवला असता. मुसलमान म्हणून आम्हाला नाकारलं, हा माझ्या मनाचा खेळ होता.

आता कुर्बानीकडेच येऊ, कारण तिच्यामागची गोष्ट तिघांचीही आहे. इब्राहिमना मुलाची कुर्बानी द्यायला सांगितलं गेलं, ते तयार झाले, आणि मुलगा वाचला. आपण म्हणतो मुलगा इस्माईल. तौरातमध्ये इसहाक आहे. कुराणात त्या प्रसंगात मुलाचं नावच घेतलेलं नाही. आपल्याच थोर मुफस्सिरांपैकी तबरी यांचा कौल इसहाककडे होता, तर इब्ने कसीर यांचा इस्माईलकडे. हे आपल्याला सहसा सांगत नाहीत.

एवढी एक गोष्ट, मग विधी तीन कसे झाले?

यहुद्यांची कुर्बानी एकाच जागी होत असे, जेरुसलेमच्या मंदिरात. इ.स. ७० मध्ये रोमन सेनापती टायटसच्या फौजेनं ते मंदिर जाळलं. जागाच गेली. आता विचार करा, हजार वर्षं ज्या विधीभोवती धर्म फिरला तो एका उन्हाळ्यात अशक्य झाला. योहानान बेन जक्काई नावाचे एक धर्मपंडित तेव्हा यवने गावी बसून समाजाची घडी बसवत होते. मंदिराचे अवशेष पाहून त्यांचा शिष्य रडू लागला, की आता आपल्या पापांचं क्षालन कसं होणार? तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं, की दुसऱ्यांशी दयेनं वागणं हे तितक्याच मोलाचं क्षालन आहे, अशी परंपरेतली कथा आहे. सकाळ-दुपारच्या प्रार्थना मंदिरातल्या कुर्बानीच्या वेळांशी जोडल्या गेल्या. मेंढा उरला तो शिंगापुरता. नव्या वर्षाला सिनेगॉगमध्ये मेंढ्याचं शिंग फुंकतात, त्यात इब्राहिमच्या त्या मेंढ्याची आठवण आहे. पुढे बाराव्या शतकात इजिप्तमध्ये राहणाऱ्या मुसा बिन मैमून या यहुदी हकीमानं तर लिहून ठेवलं, की त्या काळच्या लोकांना पूजेची दुसरी रीत ठाऊकच नव्हती, म्हणून देवानं कुर्बानी राहू दिली. हा ग्रंथ त्यानं अरबी भाषेत लिहिला. सलाहुद्दीनच्या दरबाराशी त्याचा हकीम म्हणून संबंध होता.

आणि आमच्या मावशी? त्या मलिदा करायच्या. नवस फेडताना, लग्नाआधी, घरात काही चांगलं घडलं की पोहे, नारळ, साखर, सुकामेवा एकत्र करून प्रेषित एलियाहूच्या नावानं प्रार्थना. आपल्या दर्ग्यावरचा मलिदा चपातीचा असतो, पण शब्द तोच. कोकणच्या मातीनं जेरुसलेमच्या माणसांनाही आपलं ताट दिलं.

ख्रिश्चनांचं वेगळं झालं. येशूचे पहिले अनुयायी यहुदीच होते. क्रूसावरचा येशूचा मृत्यू हीच शेवटची कुर्बानी, अशी त्यांची श्रद्धा झाली, आणि मग जनावराची गरजच उरली नाही. भाकर आणि द्राक्षरस उरला. वसईच्या कॅथलिकांची मिस्सा ती हीच. पुढे यहुदी नसलेले लोक त्यांच्यात येऊ लागले, तेव्हा त्यांची सुंता करायची का यावर वाद पेटला. इ.स. ५०च्या सुमारास जेरुसलेमला बैठक होऊन ठरलं, की सक्ती नको. पण इथंही रेघ सरळ नाही. आर्मेनियन चर्चमध्ये आजही मेंढा कापून मांस गरिबांत वाटायची प्रथा आहे. इथिओपियातले ख्रिश्चन सुंता करतात आणि डुक्कर खात नाहीत.

इथं मला एक स्पष्ट बोलायचं आहे. "सगळे धर्म एकच" असं म्हणून सुटणं मला पटत नाही. कुराणाला क्रूसावरचा मृत्यू मान्य नाही. तो मान्य नसेल तर त्यावर उभा असलेला विधी आपल्याकडे येणार कसा? फरक खरा आहे. तो लपवून मैत्री करायची म्हणजे मैत्री कच्ची ठेवायची.

मक्केत कुर्बानी इस्लामच्या आधीपासून होती, मूर्तींसमोर. इस्लामनं ती इब्राहिमकडे परत नेली. आणि एकाच जागेचं, एकाच पुरोहित घराण्याचं बंधन ठेवलं नाही. रेवदंड्यातला माणूसही स्वतःच्या हातानं ती करू शकतो. मांस आणि रक्त अल्लाहपर्यंत पोचत नाही, पोचतो तो तकवा, असा सूरह हजचा आशय आहे. प्रत्येक उम्मतीला तिची विधीची रीत दिली आहे, हेही त्याच सूरहमध्ये येतं, आणि त्यावरून तुमच्याशी कुणी वाद घालू नये हेही. मघाच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं मिळालं. मावशी चुकत नव्हत्या. त्यांना त्यांची रीत मिळाली होती आणि त्या ती पाळत होत्या.

बरं, आपली तरी रीत एक आहे का? आम्ही कोकणी शाफई. आमच्याकडे कुर्बानी सुन्नत-ए-मुअक्कदा, आणि ती चार दिवस करता येते. हनफींकडे ऐपत असलेल्याला वाजिब, आणि दिवस तीन. हजरत अबू बकर आणि हजरत उमर काही वेळा मुद्दाम कुर्बानी करत नसत, लोकांनी ती सक्तीची समजू नये म्हणून, अशी रिवायत आहे. २०२५ साली मोरोक्कोच्या राजानं दुष्काळामुळे कळप घटले म्हणून लोकांना कुर्बानी करू नका असं सांगितलं. त्याच्या वडिलांनी १९९६ मध्ये हेच केलं होतं. आपल्या महाराष्ट्रातही काही कार्यकर्ते बकरी ईदला रक्तदान शिबिर घेतात. त्यांना शिव्याही पडतात.

आमच्या घरातलंच सांगतो. पुतणी पुण्यात नोकरी करते. गेल्या वर्षी तिनं जाहीर केलं, की माझ्या वाट्याच्या बकऱ्याचे पैसे मी एका मुलीच्या वसतिगृहाच्या फीला देणार. माझी वहिनी सोलापूरची, हनफी. ती म्हणाली, "फी दे ना, कोण नाही म्हणतंय? पण ते सदका झालं, कुर्बानी नाही. वाजिब ते वाजिब." पुतणी म्हणाली, "अम्मी, मी अब्बांच्या मसलकची आहे." भाऊ वर्तमानपत्रात तोंड घालून बसला होता. मला विचारलं, तर मी दोघींच्याही बाजूनं इतकं बोललो की दोघी माझ्यावरच चिडल्या. शेवटी फीही गेली आणि बकराही आला. वहिनीनं त्याचे पैसे स्वतःच्या शिलाईच्या कमाईतून दिले. यंदा ईद जवळ आलीय आणि पुतणीचा फोन परवाच येऊन गेला.

आता तुम्ही बोला. ज्यानं प्रश्न विचारला होता, त्यानं आधी.