ठळक अक्षराला पाय असतात

(मिहानमध्ये काम करणाऱ्या मुलामुलींच्या अभ्यासवर्गात, खापरी इथं केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज अक्षरावर बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, पगाराचं बोला, ठेकेदाराचं बोला, कायले अक्षराचं लावलं? पण पोट्टेहो, तुमचा पगार अक्षरातच लिहिलेला असतो. तुम्हाला कामावरून काढायची अटही अक्षरातच असते, कराराच्या तळाशी, बारीक. कंपनीचं नाव मात्र गेटवर हातभर उंच. काय ठळक छापायचं आणि काय बारीक, हे ठरवणाऱ्याच्या हातात सत्ता असते. मला एवढंच सांगायचं आहे.

आपल्या भाषेत वर्ण म्हणजे अक्षर, आणि वर्ण म्हणजे चातुर्वर्ण्यातलाही वर्ण. पुरुषसूक्तानं शूद्राला पायातून जन्माला घातलं. आपल्याला तर तिथंही जागा ठेवली नाही. अक्षरांतही अशी उतरंड होती. जुन्या इंग्रजी छपाईतलं अक्षर बघा. उभी रेघ जाड, आडवी रेघ केसासारखी, आणि पायाशी एक नाजूक टोक. त्या टोकाला सेरिफ म्हणतात. सगळं वजन खांबाला, पाय उपाशी.

१८१७ च्या सुमारास लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सनं या पायाला अंगाइतकीच जाडी दिली. टोकाच्या जागी चौकोनी ठोकळा आला. हेच स्लॅब-सेरिफ. नाजूक टोकाचा खिळा दाबाखाली झिजतो, तुटतो. ठोकळ्याचा खिळा टिकतो. रद्दी कागदावर, घाईच्या छपाईतही तो रस्त्यापलीकडून वाचता येतो.

पण भाबडे होऊ नका. फिगिन्सला क्रांती करायची नव्हती. कारखान्यांचा माल वाढला होता, भिंतीवरून ओरडणारं अक्षर बाजाराला हवं होतं. अमेरिकेत गुलामांच्या लिलावाच्या जाहिराती अशाच जाड अक्षरांत लागत. आणि १८५१ साली बोस्टनच्या काळ्या लोकांना सावध करणारं पत्रक लागलं, की शहरातल्या पोलिसांशी बोलू नका, ते पळून आलेल्या गुलामांना धरून द्यायला निघालेत. तेही जाड अक्षरांतच. खिळ्याला बाजू नसते. बाजू असते ती खिळे जुळवणाऱ्याला आणि जुळवून घेणाऱ्याला.

ही बाजू बाबासाहेबांना पुरती ठाऊक होती. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'नं छापली नाही. पैसे चालले नाहीत, कारण प्रश्न पैशांचा नव्हताच. त्याच्याही आधी आपल्या नागपूर भागातल्या किसन फागुजी बनसोड्यांनी पत्रं काढली. १९१० ला 'निराश्रित हिंद नागरिक', १९१३ ला 'विटाळ विध्वंसक', १९१८ ला 'मजूर पत्रिका'. दुसऱ्याच्या छापखान्यात आपला शब्द ठळक होत नाही, हे त्या पिढीनं शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

आता ठळक अक्षर वापरायचं कसं? १८४५ साली लंडनच्या रॉबर्ट बेस्लीनं 'क्लॅरेंडन' नावाचं स्लॅब-सेरिफ काढलं. ते साध्या मजकुराच्या ओळीत, साध्या अक्षराच्या शेजारी बसायला बनवलेलं होतं. शब्दकोशात शब्द ठळक आणि अर्थ साधा छापतात, ती रीत अशा अक्षरानं रुजवली. म्हणजे ठळकपणा शेजाऱ्यामुळे कळतो. पुष्कळ पत्रकं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ठळक असतात. अध्यक्षाचं नाव ठळक, प्रमुख पाहुण्याचं ठळक, स्थळ-वेळ ठळक, आणि मागणी कुठं आहे ते भिंग घेऊन शोधा! सगळंच ओरडलं की कोणाचंच ऐकू येत नाही.

देवनागरीचा प्रश्न आणखी वेगळा. तिला रोमनसारखा पाय नाही, ती माथ्यावरच्या शिरोरेषेला टांगलेली. जाड करत गेलं की 'क्ष', 'श्र', 'ख' यांची पोटं भरतात, अनुस्वार मात्रेला चिकटतो, खालच्या ओळीचा रफार वरच्या ओळीच्या उकाराला भिडतो. म्हणून ठळक ओळींत अंतर जास्त सोडा. जोडाक्षरं आधी छापून बघा. आज खिळे गेले, फोनवर पत्रक जुळतं. सोल मातास या बाईनं केलेल्या 'बिटर' या स्लॅब-सेरिफचं देवनागरी रूप 'कडवा' नावानं मिळतं. ठळक वजनासकट, फुकट, मुक्त परवान्यावर. नाव कडवा, म्हणजे आपल्या कामाचा!

मिहानकडे या अक्षराच्या डोळ्यांनी बघा. विमानतळाला बाबासाहेबांचं नाव आहे, वाचून छाती भरते. पण शिवणगाव, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, ही नावं कुठल्या अक्षरात आहेत? ज्यांच्या जमिनी या प्रकल्पात गेल्या, जे मोबदल्यासाठी आणि पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिले, त्यांचं गाव नकाशावर कोपऱ्यात बारीक. सफाईवाली बाई, सुरक्षारक्षक, कँटीनचा पोरगा, यांचं नाव तर बारीकही नाही.

१ फेब्रुवारी १९६८ ला अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात चिरडून मेले. तेराशे कामगार संपावर गेले. प्रत्येकाच्या हातात एक फलक, त्यावर एवढंच: मी माणूस आहे. ठळक अक्षर, आणि त्यातही 'आहे'खाली रेघ. पगार किती, सुट्ट्या किती, ही यादी त्यांच्याकडेही होती. फलकावर त्यांनी एक वाक्य ठेवलं, आणि त्या वाक्यातही जोर कशावर हे स्वतः ठरवलं.

तेव्हा पुढचं पत्रक काढताना आधी भांडा. कोणता एक शब्द ठळक करायचा, यावर रात्रभर भांडा. कायम नोकरी? किमान वेतन? गावाचं नाव? तो शब्द ठरला, की तुमची मागणी ठरली. आणि पुढाऱ्याचं नाव बारीक छापा. त्याला राग आला, तर तो कोणाचा माणूस तेही कळेल.

जयभीम.