कौंडण्यपूरचे खापर आणि भद्रावतीची भट्टी



मंदिराचा जीर्णोद्धार झाला. गवंड्याचे, सुताराचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. पण घटस्थापनेचा घट, संक्रांतीची सुगडी, आखाजीचे करा-केळी ज्याच्या हातून येतात, त्या कुंभाराविषयीही चार शब्द बोलले पाहिजेत.

आपल्या तिवसा तालुक्यातील कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीमातेचे माहेर. तेथे वर्धेच्या काठी १९६० नंतरच्या दशकात डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी उत्खनन केले. जुन्या थरांतून काळ्या-तांबड्या भांड्यांची खापरे निघाली. वाडे गेले, खापर राहिले!

अशा जुन्या विद्येचा वारस असलेला कुंभार मागे का पडला? माठ झिरपतो म्हणून पाणी गार राहते. पण झिरपतो म्हणूनच त्यात तेल किंवा लोणचे टिकत नाही. गोवऱ्या-काडीकचऱ्याचा उघडा आवा साधारण सात-आठशे अंशांपर्यंत तापतो. लोणच्याच्या बरणीला बाराशेच्या आसपास उष्णता लागते. कुंभाराच्या हाताला खोट नव्हती, कमी पडत होता तो विस्तव. म्हणून बरणी परगावच्या कारखान्यातून आली आणि गाडगे मागे सरले.

१९३४ साली महात्मा गांधींच्या प्रेरणेने वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला. मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी त्याचा कारभार पाहिला. त्याच विचारात वाढलेले कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी १९५५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे ग्रामोदय संघ स्थापिला. जागाही योग्य होती, कारण तो पट्टा कोळशाचा.

कारखाना म्हटला की मालक आणि मजूर डोळ्यांपुढे येतात. येथे मात्र गावोगावच्या कुंभारांना सुधारलेले मातीकाम शिकविण्यावर भर होता. काठीने गरगर फिरविण्याच्या जड चाकाऐवजी हलके चाक, उघड्या आव्याऐवजी आंच कोंडून धरणारी बंद भट्टी, आणि भांडे झिरपू नये म्हणून काचेसारखी झिलई, अशी ही विद्या होती. तोवर ती कारखान्याच्या भिंतीआड होती.

एक अडचण मात्र राहतेच. माती आणि गोवरी गावात मिळते, झिलईचे सामान विकत आणावे लागते. शिवाय बंद भट्टी एकट्या घराच्या ऐपतीतली नव्हे. दोन-चार घरांनी मिळून बांधली आणि मिळून भरली, तरच ती पेटविणे परवडते.