वेदनाशामक अफूवर्गीय औषधे : भीती आणि विवेक

(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

बऱ्हाणपूरच्या इतिहासातील दोन मृत्यू आपणां सर्वांच्या परिचयाचे आहेत. 17 जून 1631 रोजी चौदाव्या अपत्याला जन्म देताना मुमताजमहल याच गावी वारली. हिंदुस्थानच्या बादशहाची पत्नी ती. पदरी हकीम होते, दाया होत्या. परंतु तिच्या वेदनांपुढे सर्वांनी हात टेकले. त्यापूर्वी सुमारे पाव शतक, अकबराचा पुत्र शाहजादा दानियाल हाही इथेच मद्यापायी मृत्यू पावला. बापाच्या हुकमाने त्याच्यावर पहारे बसले होते. तेव्हा त्याने आपल्या आवडत्या बंदुकीच्या नळीतून दारू आणवली आणि नळीतील गंज व दारूगोळ्याची राख मिसळलेले ते मद्य त्याच्या जिवावर बेतले, असे जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. ती नळी आणून देणारा कोणी शत्रू नव्हता; त्याच्याच मर्जीतला सेवक होता.

एकीकडे उपायावाचून सोसलेली वेदना, दुसरीकडे आवरता न आलेली नशा. आज मी ज्या औषधांविषयी बोलणार आहे, त्यांचे स्थान या दोहोंच्या मधोमध आहे. मॉर्फिन, कोडीन, ट्रॅमाडॉल, टॅपेंटाडॉल, फेंटानिल, ब्युप्रेनॉर्फिन ही ती औषधे होत. काही अफूतूनच निघतात, काही प्रयोगशाळेत तयार होतात. परंतु शरीरात सर्वांचे कार्य एकाच प्रकारचे असल्यामुळे त्यांना आपण अफूवर्गीय औषधे म्हणू.

अफू आपल्या प्रांताला नवी नाही. मध्य प्रदेशातील नीमच, मंदसौर आणि रतलाम या भागांत सरकारी परवान्याने खसखशीची शेती होते. बोंडांना चिरा देऊन काढलेला चीक सरकार विकत घेते, आणि नीमच व गाझीपूर येथील सरकारी कारखान्यांत त्यावर प्रक्रिया होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील सेर्ट्युर्नर या तरुण औषधविक्रेत्याने अफूतून मॉर्फिन वेगळे काढले, आणि तेव्हापासून वैद्याच्या हाती मोजून देता येईल असे वेदनाशामक आले. 'मोजून' हा शब्द मी मुद्दाम वापरतो. आजच्या भाषणाचे सार त्या एका शब्दात आहे.

आता एका घरातील हकिगत सांगतो. यंत्रमागावर आयुष्य घालविलेले एक वृद्ध गृहस्थ होते. त्यांना जबड्याचा कर्करोग झाला. मुंबईस उपचार झाले. पुढे रोग हटण्यासारखा नाही असे ठरल्यावर त्यांना मॉर्फिनच्या गोळ्या देऊन घरी पाठविण्यात आले. दर चार तासांनी एक गोळी, असे चिठ्ठीवर स्वच्छ लिहिलेले होते. परंतु कोणी तरी थोरल्या मुलाच्या कानी घातले, "अरे, ही तर अफूच आहे, बाबांना व्यसन लावतोस काय?" मुलाने गोळ्या कपाटात बंद केल्या. वडील विव्हळू लागले की तो एक गोळी काढून देई. त्यानंतर ते पुन्हा विव्हळेपर्यंत वाट पाही. मी पाहावयास गेलो तेव्हा ते गृहस्थ भिंतीकडे तोंड करून पडलेले होते. चार दिवसांत पोटात अन्न नव्हते, डोळ्याला डोळा नव्हता. मुलाचे पितृप्रेम कमी नव्हते. त्याच्या मनात भीती होती एवढेच.

आम्ही बसून एका वहीत तास मांडले. प्रत्येक गोळीपुढे वेळ लिहावयाची, असे ठरले. तिसऱ्या दिवशी ते उठून बसले, भात-वरण जेवले, नातीला जवळ बोलावून तिच्याशी बोलले. रोग होता तसाच होता. परंतु उरलेले दिवस त्यांना माणसासारखे मिळाले.

ते गेल्यानंतर महिन्याभराने त्याच घरातून मला रात्री बोलावणे आले. धाकट्या मुलाची पाठ दुखत होती. कपाटात वडिलांच्या उरलेल्या गोळ्या होत्या. त्याने दोन घेतल्या, तासाभराने आणखी दोन, आणि मधल्या वेळात दारूही घेतली. घरच्यांना वाटले, गाढ झोपला आहे, चांगला घोरतो आहे. त्याचे ओठ निळसर झाले होते, आणि मिनिटाला पाच-सहा श्वास काय ते चालू होते. रुग्णालयात नॅलोक्सोनचे इंजेक्शन वेळेवर मिळाले, म्हणून तो वाचला.

घर एक, कपाट एक, औषध एक. थोरला नको तितका भ्याला, आणि धाकटा मुळीच भ्याला नाही.

या औषधांपासून धोका नेमका कोणता, हे समजून घेतले पाहिजे. मेंदूत व मज्जारज्जूत जिथे वेदनेची जाणीव पोहोचते, तिथे ही औषधे तिला थोपवितात. परंतु श्वासाचे नियमन करणाऱ्या मेंदूच्या भागालाही तीच औषधे मंद करतात. मात्रा क्रमाने वाढविली तर शरीर त्याला सरावते. एकदम वाढविली, किंवा मद्य अथवा झोपेच्या गोळ्या यांची तीत भर पडली, तर श्वास थांबू शकतो.

दुसरी गोष्ट व्यसनाची. शरीराला औषधाची सवय होणे आणि माणसाला त्याचे व्यसन लागणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. काही आठवडे मॉर्फिन घेणाऱ्या कोणत्याही रुग्णाच्या शरीराला त्याची सवय होते. ते एकाएकी बंद केले तर घाम, जुलाब, अंगदुखी, अस्वस्थता सुरू होते. म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू उतरवावयाचे असते. याला व्यसन म्हणत नाहीत. वेदना नसताना औषधाची ओढ लागणे, त्यासाठी खोटे बोलणे, घर-व्यवसाय विसरणे, हे व्यसन होय. कर्करोगाच्या वेदनेसाठी देखरेखीखाली औषध घेणाऱ्यांत ते क्वचित आढळते. ज्याला पूर्वी दारूचे अथवा अन्य नशेचे व्यसन होते, त्याच्या बाबतीत मात्र धोका अधिक असतो. अशा माणसाने ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नये.

आपल्या देशाने भीतीची किंमत मोजलेली आहे. मादक द्रव्यांविषयीचा 1985 चा कायदा झाल्यानंतर परवान्यांची गुंतागुंत इतकी वाढली की, पुष्कळ रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. ज्या देशात अफू पिकते, त्याच देशात कर्करोगाचे रुग्ण तिच्यावाचून तळमळत राहिले. डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळात वेदनाशमनाची चळवळ उभारली. मुंबईस वांद्र्याला 1986 साली शांती अवेदना सदन निघाले. आणि अखेर 2014 मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन मॉर्फिनसारख्या आवश्यक औषधांची वाट पुष्कळशी मोकळी झाली. दुसऱ्या टोकाला अमेरिकेचे उदाहरण आहे. तिथे 1990 नंतरच्या दशकात साध्यासुध्या दुखण्यांसाठीही ही औषधे सढळ हाताने दिली गेली. पुढे त्यात हेरॉइनची आणि चोरट्या फेंटानिलची भर पडली. आणि 2021, 2022 व 2023 या तिन्ही वर्षी अतिमात्रेने मरणाऱ्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. त्यांतील बहुसंख्य मृत्यू अफूवर्गीय द्रव्यांचे होते. आपणही निर्धास्त राहावे अशी स्थिती नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशातील सुमारे दोन टक्के लोक अफूवर्गीय द्रव्ये घेत असल्याचे आढळले, आणि त्यांत औषधी गोळ्या व सिरपे घेणारे थोडेथोडके नव्हते. ट्रॅमाडॉल 2018 मध्ये या कायद्याच्या कक्षेत आणावे लागले, ते याचमुळे.

तेव्हा घरात असे औषध आले तर काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे, औषध देताना डॉक्टरांना विचारा : हे अफूवर्गीय आहे काय? किती दिवस घ्यावयाचे? थांबवावयाचे कसे? शस्त्रक्रियेनंतर अथवा हाड मोडल्यावर ते बहुधा थोडेच दिवस लागते. मागावर उभे राहून किंवा केळीचे घड वाहून जुनाट झालेल्या पाठदुखीला हे पहिले औषध नव्हे. तिथे व्यायाम, शेक आणि साधी औषधे आधी. दमा, मूत्रपिंडाचा विकार, झोपेत श्वास अडकण्याची खोड, फिट येण्याचा आजार, गरोदरपण यांपैकी काही असेल, तर ते आपण होऊन सांगा. बारा वर्षांखालील मुलांना कोडीन अथवा ट्रॅमाडॉल देऊ नये. अंगावर पाजणाऱ्या मातेनेही ही औषधे टाळावीत.

दुसरी गोष्ट वहीची. घेतलेल्या प्रत्येक गोळीची वेळ लिहा. एखादी चुकली तर पुढल्या वेळी दोन घेऊ नका. दुखणे आटोक्यात येत नसेल तर मात्रा आपल्या मनाने वाढवू नका. डॉक्टरांना वही दाखवा. ट्रॅमाडॉलच्या कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेले असते. त्यावर तापासाठी म्हणून आणखी पॅरासिटामॉल घेतले, तर यकृताला इजा होऊ शकते.

तिसरी गोष्ट, दारू पूर्ण वर्ज्य. अल्प्राझोलाम, डायझेपाम यांसारख्या झोपेच्या गोळ्या चालू असतील, तर त्या डॉक्टरांच्या नजरेस आणल्याखेरीज हे औषध सुरू करू नये. पहिले काही दिवस, आणि मात्रा वाढल्यावरही, मोटारसायकल चालवू नका, चालत्या यंत्रावर काम करू नका.

चौथी गोष्ट, हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या फोडू नका, कुटू नका, चावू नका. बारा तासांचे औषध एकदम अंगात जाते. फेंटानिलची पट्टी कापू नये, तिच्यावर शेक घेऊ नये. जुनी काढल्यावाचून नवी लावू नये.

पाचवी गोष्ट मलावरोधाची. मळमळ आणि गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र औषध चालू असेपर्यंत राहते. कित्येक रुग्ण याच कारणाने औषध टाकून देतात. म्हणून पहिल्या दिवसापासून डॉक्टरांकडून सारक औषध मागून घ्यावे.

सहावी गोष्ट, गोळ्या कुलुपात ठेवा आणि मोजून ठेवा. शेजाऱ्याची पाठ दुखते म्हणून त्याला देऊ नका. जी मात्रा आपल्या रुग्णाला सुख देते, तीच नवख्या माणसाचा श्वास थांबवू शकते. रुग्ण बरा झाला अथवा गेला, की उरलेली औषधे घरात ठेवू नयेत. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेच्या 2025 च्या सूचनांप्रमाणे मॉर्फिन, फेंटानिल, ट्रॅमाडॉल यांसारखी निवडक औषधे शौचकूपात टाकून पाण्याने वाहून द्यावयाची असतात. वापरलेली पट्टी चिकट बाजू आत घेऊन दुमडावी आणि तशीच टाकावी. शोकाच्या दिवसांत ही गोष्ट सुचत नाही, हे मी जाणतो. म्हणून हे काम घरातील एका जाणत्या माणसावर आधीच सोपवून ठेवावे.

शेवटी धोक्याच्या खुणा. हाक मारून, हलवूनही माणूस जागा होत नाही, श्वास मंद अथवा खंडित आहे, घोरण्याचा विचित्र आवाज येतो, ओठ निळे पडतात, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. यांपैकी काही दिसले तर 'झोपू द्या' असे म्हणू नका. त्याला कुशीवर वळवा, 108 वर रुग्णवाहिका मागवा, आणि गोळ्यांची पट्टी बरोबर घेऊन रुग्णालय गाठा. व्यसनाची शंका आली तर दडपून ठेवू नका. 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. व्यसन हा आजार आहे, आणि त्यावर उपचार आहेत.

श्रोतेहो, दानियालवर पहारे होते, तरी दारू पोचली. ती प्रेमाच्या माणसाने पोचविली. त्या वृद्ध गृहस्थांच्या गोळ्याही प्रेमाच्याच माणसाने कुलुपात घातल्या. दोन्हीकडे उणीव होती ती माहितीची. मुमताजमहलच्या काळी हकिमापाशी जे नव्हते, ते आज आपल्यापाशी आहे. ते वेदना भोगणाऱ्याला नाकारू नये. आणि ज्याला ते लिहून दिलेले नाही, त्याच्या हाती पडू देऊ नये. एक चिठ्ठी, एक वही आणि एक कुलूप, एवढी सामग्री कोणत्याही घराला परवडण्यासारखी आहे.