शांत दिसणारं पाणी

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात आपल्या एका सभासदांनी केलेलं भाषण)



सांस्कृतिक समितीच्या मुलांनी मला सांगितलं, "काका, जिन्याखालच्या त्या फळीबद्दल बोला." तर आधी फळीचं नाव सांगतो. स्टँड-अप पॅडल बोर्ड. नऊ फूट लांब, तीस इंच रुंद. तिच्यावर उभं राहायचं, हातात एकच लांब वल्हं, वल्हवत लाटांच्या पलीकडे जायचं आणि चांगली लाट आली की तिच्यावर स्वार होऊन किनाऱ्याकडे यायचं. मूळ हवाई बेटांवरचं. २००० च्या सुमारास लेअर्ड हॅमिल्टन आणि डेव्ह कलामा या तिथल्या दोघांनी हा प्रकार पुन्हा लाटांवर नेला आणि मग तो जगभर गेला. मी २०११ साली गोव्यात, मोरजीजवळ आश्वेच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा उभा राहिलो. वय सत्तेचाळीस. उभा राहिलो म्हणजे, तीन सेकंद.

गंमत अशी की तोवर मी स्वतःला लाटांचा जाणकार समजत होतो. माझी नोकरी इथल्याच केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळेत झाली, आपण जिला नुसतं रिसर्च स्टेशन म्हणतो. १९१६ पासूनची संस्था. मी काही शास्त्रज्ञ नव्हे, बंदरांची मॉडेल्स बांधणाऱ्यांपैकी एक. एकास शंभर प्रमाणात मॉडेल केलं की समुद्रातली दोन मीटरची लाट दोन सेंटीमीटरची होते, आणि दहा सेकंदांनी येणारी लाट दर सेकंदाला येते. घोट्याएवढ्या पाण्यात, पँट दुमडून, मी वर्षानुवर्षं लाटा पाहिल्या. आश्वेला कमरेएवढ्या एका लाटेने मला उचललं, आपटलं, वरून बोर्डही घातला डोक्यात. चार टाके. घरी सांगितलं, बाथरूममध्ये पडलो. (हे आमच्या मंडळींना तेव्हाच कळलं होतं, असं परवा कळलं.)

तेव्हापासून दर वर्षी ऑक्टोबर ते मे, जमेल तेव्हा जातो. पावसाळ्यात नाही. सकाळी लवकर पाण्यात उतरायचं, कारण तेव्हा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. शाळेत पाठ केलेले मतलई वारे, तेच. त्यांनी लाटेचा चेहरा गुळगुळीत राहतो. दुपारी खारे वारे सुटले की पाणी चुरगळतं, मग नाश्ता करावा हे बरं.

पहिली दोन वर्षं पडण्यात गेली. वल्हवताना दोन्ही पाय शेजारी शेजारी ठेवायचे, लाट मागून उचलू लागली की एक पाय मागे सरकवायचा. ही एवढी एक पायरी अंगात यायला मला दोन मोसम लागले. नवखा माणूस पायांकडे बघतो आणि पडतो. नजर पुढे हवी. वल्हं म्हणजे तिसरा पाय; तोल गेला की पाण्यावर सपाट टेकवायचं, पाणी क्षणभर आधार देतं. पडायचं तर बोर्डापासून लांब, आडवं, कधीही डोक्यावर नाही. कारण मीटरभर उंचीची लाट साधारण सव्वा मीटर पाण्यात फुटते, खाली लगेच वाळू असते. आणि आपण पडलो की बोर्ड सुटतो. पायाला दोरी असली तरी दोरीच्या लांबीइतक्या टापूत जो कोणी असेल त्याला तो लागणार. त्यामुळे माणसं पोहत असतील तिथे मी लाट सोडून देतो. पूर्वी दहातल्या आठ लाटा पकडायला धावायचो, आता दोन पकडतो. गुडघाही त्याच मताचा आहे.

आता जे सांगायचं ठरवून आलोय ते.

२०१६ च्या जानेवारीत माझा भाचा बरोबर होता. एकोणीस वर्षांचा, पोहण्याच्या तलावात पन्नास फेऱ्या मारणारा. फेसातून बोर्ड आत नेणं कठीण, म्हणून आम्ही बोर्डवाले दोन वाळूच्या उंचवट्यांमधल्या खोल पट्ट्यातून आत जातो. तिथे पाणी खोल, म्हणून लाट फुटत नाही. किनाऱ्यावर आलेलं सगळं पाणी त्याच वाटेने परत समुद्रात जातं. आम्हाला तो सरकता जिना. त्याने विचारलं, "मामा, मी कुठून उतरू?" माझं लक्ष पुढच्या लाटांवर होतं. मी म्हणालो, "इथूनच ये, इथे शांत आहे."

तो आला. पाच मिनिटांनी मी मागे वळून पाहिलं तर तो किनाऱ्याकडे तोंड करून जीव खाऊन पोहत होता आणि मागे मागे जात होता. त्याचा चेहरा अजून दिसतो मला. गेलो, त्याला बोर्डावर पालथा घातला आणि किनाऱ्याकडे न जाता आडवं, किनाऱ्याला समांतर वल्हवत निघालो. लाटा फुटत होत्या त्या बाजूला पोचल्यावर लाटांनीच आम्हाला ढकलत आणलं. तो वाळूवर ओकला. मी काही बोललो नाही. ज्या पाण्यात पोरगा बुडता बुडता राहिला ते मीच दाखवलं होतं, आणि ते काय आहे हे मला माहीत होतं.

आपल्या दारात धरण आहे. बोर्ड तिथे का नेत नाही, असं मुलं विचारतात. एक तर ते पुण्याचं पिण्याचं पाणी आहे आणि उतरायला मनाई आहे. आणि तिथे लाट नाही, पण कडेचा चिखल आहे, एका पावलावर सुटणारा तळ आहे. दर वर्षी कुणाची तरी मुलं तिथून परत येत नाहीत. आपण बाल्कनीतून ॲम्ब्युलन्स ऐकतो. कुणी "शांत आहे, उतर" म्हणालं, तर म्हणणारा मामा असला तरी आधी काठावर उभं राहून दहा मिनिटं पाणी बघा. फेस, पानं, काटक्या कुठे वाहतायत ते बघा. मी आता समुद्रावर तेच करतो, घड्याळ लावून.

भाचा आता बंगळूरला असतो. गेल्या वर्षी तो स्वतःहून माझ्याबरोबर आश्वेला आला, लाइफ जॅकेट घालून. ही गोष्ट आम्ही दोघांनी नऊ वर्षं घरात सांगितली नव्हती. ताई तिसऱ्या रांगेत बसली आहे. ताई, जे काही बोलायचं ते जेवण झाल्यावर बोल.

आणि सेक्रेटरीसाहेब, जिन्याखालची जागा महिनाअखेरीस मोकळी करतो.