पहिली ओळ वाचा

मालवणजवळच्या एका शाळेतले विज्ञानाचे गुरुजी मध्यंतरी माझ्याकडे आले होते. मुलांनी पंधरा दिवस बंदराच्या धक्क्याशी खुणांची काठी धरून भरती-ओहोटीची पातळी टिपली होती. तिचा आलेख काढणारा छोटा प्रोग्रॅम गुरुजींना मूळ सोर्ससकट मिळाला. युनिक्सच्या वळणाच्या उबुंटू लिनक्सवर तो बांधायला गेले, तर बांधला जाईना. मुले रोज विचारीत, "आलेख कधी?" शेवटी पडद्यावरची शेवटची ओळ त्यांनी चिठ्ठीवर उतरवून आणली : ‘मेक : एरर 2’.

"सर, ही दोन नंबरची चूक कसली?"

आता गंमत पाहा. ती चूक नव्हेच. मेक हा नुसता मुकादम. बेल प्रयोगशाळेतील स्टुअर्ट फेल्डमन यांनी 1976 साली तो युनिक्ससाठी लिहिला. हाताखालचा कंपायलर अडला, की मुकादम एवढेच कळवतो, काम झाले नाही. का झाले नाही, ते कंपायलरने आधीच वर सांगून ठेवलेले असते. तेव्हा वर जा आणि ‘एरर’ शब्द पहिल्यांदा आला ती ओळ वाचा. तिच्यात फाईलचे नाव असते, ओळीचा आकडाही असतो. (आणि चूक शोधताना मेकला चार कामे एकदम सांगू नका. चौघे एकदम बोलू लागले की पहिला कोण, ते कळत नाही.)

आम्ही वर गेलो. ‘पीएनजी डॉट एच’ नावाची फाईल सापडत नव्हती.

"पण पीएनजी चित्रे तर इथे रोज उघडतात!" गुरुजी म्हणाले.

शंका रास्त. लायब्ररी संगणकावर होतीच. पण ही हेडर फाईल म्हणजे लायब्ररी कोणकोणती कामे करते त्याची यादी. प्रोग्रॅम चालवणाऱ्याला ती लागत नाही, बांधणाऱ्याला लागते. म्हणून ती वेगळ्या पॅकेजात ठेवतात. त्याच्या नावाअखेर ‘डेव्ह’ असते. ‘लिबपीएनजी-डेव्ह’ बसवले आणि पुन्हा मेक.

या वेळी निराळीच ओळ : ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. ही लिंकरची, म्हणजे जोडणी करणाऱ्याची. यादी मिळाली, काम करणारा मिळाला नाही! लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो, आणि आज्ञेत लायब्ररीचे नाव आमच्या फाइलींच्या आधी पडले होते. ते शेवटी नेले.

आलेख निघाला. अमावास्येच्या उधाणाला उंच, अष्टमीच्या भांगेला बसका. फक्त एका सकाळी समुद्र एकाएकी हातभर खाली गेलेला दिसला. मुलांनी वही काढली. त्या दिवशी कुणीतरी काठी उलटी धरली होती.