चेंडू आणि माणूस

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला पाहिलेल्या एखाद्या चित्रपटावर चार शब्द बोलावयास सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आणि चारचौघींपुढे उभे राहण्याची ही पहिलीच वेळ. काही चुकले तर सांभाळून घ्यावे.

चित्रपट इंग्रजी आहे. नाव 'मायनॉरिटी रिपोर्ट'. स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी तो २००२ साली काढला. मूळ कथा फिलिप के. डिक या अमेरिकन लेखकाची, १९५६ सालची. माझ्या मुलीने शेजारी बसून अर्थ सांगितला, म्हणून मला कळला.

गोष्ट २०५४ सालातल्या वॉशिंग्टन शहराची आहे. तेथे पाण्याच्या एका कुंडात तीन माणसे निजवून ठेवलेली असतात. पुढे होणारे खून त्यांना आधीच दिसतात. मारणाऱ्याचे व मरणाऱ्याचे नाव लाकडी गोळ्यांवर उमटते आणि पोलीस खून होण्यापूर्वीच माणसाला धरून नेतात. सहा वर्षांत शहरात एकही खून झालेला नसतो.

या पोलिसांचा प्रमुख जॉन अँडरटन. त्याला एक जण विचारतो, की ज्याने अजून गुन्हाच केला नाही त्याला शिक्षा कशी? अँडरटन टेबलावरून एक गोळा घरंगळत सोडतो. तो पडणार म्हणून दुसरा झेलतो. अँडरटन म्हणतो, तू अडवलास म्हणून तो पडणार नव्हता असे होत नाही. मलाही ते पटले. आपण पत्रिका पाहतो ती याच समजुतीने, नाही का?

पण एक दिवस गोळ्यावर अँडरटनचेच नाव येते. ज्याला त्याने कधी पाहिले नाही अशा माणसाचा तो छत्तीस तासांत खून करणार! तो पळतो, शोध घेत जातो आणि त्याच माणसाच्या खोलीत येऊन पोहोचतो. भविष्य कळले नसते तर तो तेथे गेलाच नसता! त्याचा हरवलेला मुलगा याच माणसाने नेला, असे तेथे त्याला वाटते. हातात पिस्तूल, समोर वैरी. भविष्य पाहणारी अगाथा जवळ उभी राहून त्याला विनवते, की तुला अजून निवडता येईल. ठरलेली वेळ टळते आणि तो गोळी न झाडता त्या माणसाला अटक करू लागतो. पुढे तो माणूस स्वतःच पिस्तूल ओढतो व मरतो. कारण तो सारा बनाव असतो, आणि तो माणूस पैशासाठी त्यात सामील झालेला असतो.

मला वाटले, चेंडू घरंगळतो, कारण त्याला मन नाही. माणूस मधेच थांबू शकतो.

आता मनातले सांगते. तेरा वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या दिरांना एक मुलगी सांगून आली होती. मुलगी चांगली, माणसेही चांगली. पत्रिकेत मंगळ निघाला. घरात थोरली मी. दिरांना न विचारता मीच "योग नाही" असे कळवून टाकले. भगिनींनो, ते शब्द ग्रहांचे नव्हते, माझे होते. आपण निर्णय घ्यावयाचा आणि नाव नशिबाचे घ्यावयाचे, ही फार सोयीची रीत आहे.

आज माझ्याच मुलीच्या पत्रिकेत मंगळ आहे. दोन ठिकाणांहून उत्तर आले, "योग नाही." ते वाचताना मला ती परत पाठवलेली मुलगी आठवली. तिच्या आईने काय सोसले असेल, ते आता कळते.

म्हणून घरात सांगून टाकले आहे, की यापुढे आम्ही पत्रिका देणार नाही आणि मागणारही नाही. मुलाला व्यसन आहे का, माणसे कशी आहेत, आणि आमच्या मुलीच्या मनात काय आहे, एवढे पाहू. सासूबाई नाराज आहेत. त्यांची समजूत घालीन. उद्या काही कमीजास्त झाले तर लोक बोट दाखवतील, तेही ऐकून घेईन. पण निर्णय मी घेतला, असे म्हणेन. नशिबाच्या माथी मारणार नाही.